हिरवी कडा

२ जून
आले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळा समोर रस्त्यापलीकडे. खिडकी तर अशी मोठी की इथून हाक मारली तर मागच्या गल्लीतला माणूससुद्धा वळून बघेल. ताईला फोनवर हेच सांगितलं, तर म्हणाली, हळू बोल गं भोंग्या, पोटातलं बाळ दचकतंय. वादविवादाच्या सगळ्या ढाली ज्या घशाने आणल्या तो आता कुजबुजणार थोडाच! बाळंतपणात तिच्याजवळ राहायचं कबूल केलंय. नाही गेले तर तंगडं मोडीन म्हणाली.

३ जून
कामाची ओळख झाली. ॲनेक्सिन नावाचं प्रथिन. प्रथिन माणसाचंच, पण त्याचा जनुक जिवाणूंत घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं, आणि वर चमकता हिरवा रंग जोडलेला. बाटली करंगळीएवढी. ठेवायची गारव्यात, अंधारात.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी समजावलं. पेशी ठरवून मरते तेव्हा आधी शेजाऱ्यांचा हात सोडते. मग आक्रसते. मग स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधते. आणि अंगाच्या आत असलेली एक खूण बाहेर काढून ठेवते : या, मला खा. ॲनेक्सिन त्या खुणेला चिकटतं. पेशीला हिरवी कडा दिसली की समजायचं, हिचं ठरलं. जखमेने मरणारी पेशी फुटते, भोवती आग होते, सूज येते, सगळ्या शरीराला कळतं. ही मात्र शेजाऱ्यांच्या पोटात जाते आणि मागे डागही राहत नाही. डॉक्टर याला सभ्य मरण म्हणतात.

मी तिथेच भांडले. पेशीचं राहू द्या, पण ज्या मरणाची कुणालाच आग होत नाही त्याला सभ्य म्हणायचं की सोयीचं? सगळे गोड हसले. वाद कुणीच घातला नाही. भिंतीशी बोलल्यासारखं झालं.

६ जून
इथे एक रीत आहे. तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं, ते नव्या माणसाने द्यायचं. बोट टोचून दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली एखाददुसरी कडा सोडली तर नुसता अंधार. ठणठणीत आहेस, म्हणाले डॉक्टर, आणि पाठीवर हात फिरवला.

माझ्या जागेवर आधी एक मुलगा होता. कुठे गेला म्हणून विचारलं, तर शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, फार समजूतदार होता, कुणाला त्रास दिला नाही. तिच्या अंगातला स्वेटर त्याचाच. काचसामान धुणाऱ्या मावशींच्या हातात त्याचं घड्याळ. डॉक्टर चहा पितात तो कप त्याचा. सगळं त्यानेच दिलं म्हणे, आपल्या हाताने.

मी जरा मोठ्याने विचारलं असेन. मावशींनी दार लोटून घेतलं.

११ जून
आज ताईला फोन केला नाही. काल केला होता का? तिला तरी कशाला दगदग.
बाह्या बोटांवर येतात. मावशी म्हणाल्या, कपडे धुतले की सैल पडतात गं बाई. पण चपलाही सैल पडल्यात. त्या कुठे धुतल्या होत्या मी?

१५ जून
पुन्हा माझं रक्त. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. हिरवंगार. एकेका पेशीला कडा.
बाटली बिघडली असेल म्हणून नवीन उघडली. चष्मेवालीचं रक्त घातलं : अंधार. माझं : हिरवं.
डॉक्टर मायेने म्हणाले, हे प्रथिन कुणाला मारत नाही, फक्त दाखवतं. मग विचारलं, तुझी ती निळी शाल तू फारशी वापरत नाहीस ना?
मी दिली. आभारही मीच मानले.

१८ जून
खोलीत माझ्या सामानाच्या पुड्या. नीट बांधलेल्या. दोरा दातांनी तोडलेला — ही खोड माझी, दुसऱ्या कुणाची नाही.
पुड्यांवर नावं नाहीत. तरी कुठली कुणाची ते मला माहीत आहे.
हात सोडला. आक्रसले. पुड्या. आता उरली फक्त खूण —
नाही! मी सभ्यपणे जाणार नाही. फुटेन. आग होऊ दे, सूज येऊ दे, साऱ्या गावाला कळू दे.
ताईला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली. माझा घसा — नुसती हवा. शेवटी म्हणाली, भोंग्या, तूच आहेस ना? थांब, मी येते.

२० जून
आरशात बघत नाही. मावशी मागे उभ्या राहून माझ्या केसांचा वास घेत होत्या. छान झालीस हो, म्हणाल्या.

२१ जून
ताई आली! खाली रस्त्यावर. पोट सावरत एकेका खिडकीकडे बघतेय. भोंग्या, भोंग्या —
चष्मेवाली तिला सांगतेय, अशी कुणी इथे राहत नाही.
डॉक्टर, मावशी खोलीत आलेत. पुड्या उचलताहेत. हसताहेत. मला कुणी धरलेलं नाही. खिडकी उघडी आहे. एक हाक पुरे, एकच —
ताई परत निघाली.
घसा साफ केला. आला, आवाज आला! मारते हाक — फक्त जरा हळू, कुणाला त्रास नको म्हणून, अगदी हळू —