नाव घेऊन मारलेली हाक

प्रिय वुला,

माझ्या हातचं पत्र बघून तुला हसू फुटेल. शाळेत चार ओळींचा निबंध असला तरी तो मी तुझ्याकडूनच लिहून घ्यायचो, आणि आज बघ, कागद मांडीवर घेऊन नीरफणसाखाली बसलोय. फोन केला असता रे, पण टेकडी चढून रेंज मिळेपर्यंत माझं अर्धं बोलणं विसरायला होतं आणि उरलेलं तू बोलू देत नाहीस. ‘बरं चाललंय’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. माझा मावसभाऊ टायटस सफरचंदं तोडायला तुमच्या न्यूझीलंडात निघालाय, उद्याच्या बोटीने. त्याच्या हाती हे देतोय. ओला झाला कागद तर त्याला बोल, मला नको.

इकडे तुझी आई तिकडच्या फुटबॉल क्लबच्या कपड्यातला तुझा फोटो घेऊन घरोघर हिंडून आली. सोडलं नाही कुणालाच. ज्या घरांशी तिचं बोलणं नाही तिथेही जाऊन आली म्हणे. पोरं अजून हिरव्या पपनसानेच खेळतात. पपनस फुटलं की सामना संपला, आपला नियम तसाच आहे. फक्त आता गोल केला की प्रत्येक जण स्वतःला वुला म्हणवून घेतो, आणि त्यावरून भांडणं होतात. काल एकाने दुसऱ्याला सांगितलं, तू कसला वुला, तुझे पाय बघ, बदकासारखे. मी कडेला बसून हसत होतो आणि मधेच मला हसवेना. कारण खरा वुला तिथे बाकावर बसून आहे हे मला कळलं होतं.

हो, कळलंय मला सगळं. तुझ्याच संघातल्या एलायने त्याच्या आईला सांगितलं, तिच्याकडून ते गाऊआ बेटावरून इकडे आलं. मागच्या महिन्यातल्या त्या सामन्यात एलायच्या पाठीमागून समोरच्या संघाचा माणूस धावत येत होता, तू समोरून बघत होतास, आणि तू हाक मारली नाहीस. टाळी वाजवलीस म्हणे. एवढ्या आरडाओरड्यात टाळी कुणाला ऐकू येणार? चेंडू गेला, गोल झाला, सामना गेला. मग गोऱ्या कोचने सगळ्यांसमोर विचारलं, ओरडला का नाहीस, आणि तू मान खाली घालून उभा राहिलास. आपल्याकडे मोठ्या माणसापुढे पोरगं असंच उभं राहतं. त्याला काय वाटलं माहीत आहे? पोराला मस्ती चढली, उत्तर द्यायचीही तयारी नाही. वर त्याने असा समज करून घेतलाय की तुझं आणि एलायचं हाडवैर आहे, म्हणून खोल्याही वेगळ्या केल्या. ऐकून मला रडावं की हसावं कळेना. तुझ्या चुलत बहिणीचा तो नवरा. आपल्यात मेहुणा मेहुण्याचं नाव घेत नाही, मग तू त्याचं कसं घेणार? मेलास तरी घेणार नाहीस. आणि तो एलाय, तुझ्याहून शहाणा! का सांगितलं नाहीस कोचला, असं त्याच्या आईने विचारलं, तर म्हणाला, सांगायचं तर आधी त्याचं नाव घ्यावं लागलं असतं. दोघंही तोंडं शिवून बसलात आणि बाकावर बसायची शिक्षा एकट्या तुला.

गावात हा घोळ होत नाही, कारण संघ पाडतानाच आपण मेहुण्या-मेहुण्यांना समोरासमोर घालतो. त्या माणसाला हे कोण सांगणार? तुलाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी तू काय केलंस, तर रविवारी डोरकासला फोन करून कळवलंस की फुटबॉल पुरे झाला, महिनाअखेरीला येतो, तुझ्या भावाला सांग लग्नाचं बघायला. मी तिचा भाऊ आहे, बघेन की. पण वुला, मला राग आलाय. फार राग आलाय. लुगनव्हिलच्या त्या स्पर्धेत आपण दोघं एकाच बोटीतून गेलो होतो. क्लबने तुला निवडलं, मला नाही. परतीच्या बोटीत मी सगळ्यांदेखत नाचलो आणि उलटीचं निमित्त करून मागे जाऊन रडलो. तुझ्यावर जळत होतो म्हणून नाही. तुला यापुढे चेंडू दुसरंच कुणी देणार म्हणून. मी मागून नुसतं ‘वुला’ ओरडायचो आणि तू वळूनही न बघता पळत सुटायचास. इतका भरवसा होता तुझा माझ्या आवाजावर. तो आवाज सोडून तू गेलास ते बाकावर रुसून बसायला आणि मग घरी यायला?

डोरकास तुझा फोन ठेवल्यापासून कुणाशी धड बोलत नाही. आई म्हणाली, खूश व्हायचं सोडून तोंड का पाडलंस? तेव्हा ती जे बोलली ते तिने तुला सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो. ती म्हणाली, “हरून आला तर माझा आहे. रुसून आला तर त्याच्या आईकडेच राहू दे.”

आता हे पत्र आजच का लिहितोय ते सांगतो. तू येतोयस म्हटल्यावर तुझ्या मामांना दम निघाला नाही. उद्या दुपारी ते डुक्कर आणि कोनफळं घेऊन आमच्या अंगणात येतायत. बाबा ते उतरवून घेतील की लग्न पक्कं, आणि तू इथे असलास नसलास, मी तुझा मेहुणा होईन. आनंदच आहे मला, खोटं कशाला बोलू. पण उद्यापासून तुझं नाव माझ्या तोंडी येणार नाही. आपल्या भाषेत वुला म्हणजे चंद्र, पण आकाशातल्या चंद्रालाही वुला म्हणता येणार नाही, त्याला आता रात्रीचा दिवा म्हणायचं, असं बाबांनी आत्ताच बजावलंय. आणि मेहुण्याला कुणी शिव्या घालत नाही, त्याचा कान धरत नाही, तू चुकलास असं त्याच्या तोंडावर म्हणत नाही. महिनाअखेरीला तू विमानात बसायला निघालास तर मला गप्प बसावं लागेल. म्हणून आज, अजून नुसता मित्र आहे तोवर, मैदानात मारायचो तशी शेवटची हाक मारतोय. वुला, गाढवा, येऊ नकोस. कोचसमोर मान वर कर आणि सांग त्याला सगळं. वुला, पळ.

उद्या दुपारपर्यंत तुझाच,
सायलस