कानिफनाथच्या ओतकामात दोष नव्हता

मी, गहिनीनाथ भिकाजी पानसंबळ, वय वर्षे एकसष्ट, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार भिंगार, जिल्हा अहमदनगर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीचे दुखणे बळावल्यामुळे फार दिवस हातात आहेत असे वाटत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. शेजारचे पाठक मास्तर यांनी शुद्धलेखन तपासले आहे. कलम चारपाशी ते थांबले आणि म्हणाले, "गहिनीनाथ, हे कागदावर हवंच का?" हवेच आहे, म्हणून ठेवले आहे.

कलम १. भिंगार येथील माझे दोन खोल्यांचे राहते घर स्वकष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात माझी पत्नी मनकर्णा हिचे एकटीचे. आम्हाला मूलबाळ नाही. घर विकावे की ठेवावे हे तिने ठरवावे, माझ्या भावाला विचारून ठरवू नये.

कलम २. पोस्टातली शिल्लकही तिचीच. ती तिने स्वतःवर खर्च करावी. तीस वर्षे तिने माझ्या कपड्यांतले ऑइल धुतले. माझे तेरावे मोठे घालू नये.

कलम ३. धाकटा भाऊ रंगनाथ याला माझी सायकल द्यावी. आईच्या दहाव्याला त्याने चारचौघांत मला "ग्रीसवाला" म्हटले, तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. हा राग मी वर्षानुवर्षे जपला. पुढचे कलम लिहिताना मात्र कळले की माझ्यासारख्याला कोणावर रागवायचा फारसा अधिकार नाही. सायकलचे मागचे ब्रेक त्याने बदलून घ्यावेत.

कलम ४. गॅरेजची वाटणी सांगण्याआधी एक हकीकत सांगणे भाग आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडचे डॉक्टर मार्तंड चांदेकर यांनी लिलावातून एक जुनी अमेरिकन मोटार घेतली होती. आठ सिलेंडरचे इंजिन, चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. प्रत्येक बाजूवर एक लांबट झाकण असते, त्याला आम्ही टॅपेट कव्हर म्हणतो. आत उडणारे ऑइल त्याने आत राहते. त्या मोटारीची कव्हरे पत्र्याची होती, गंजून वाकडी झालेली. डॉक्टरांना बॉनेट उघडून पाहुण्यांना इंजिन दाखवायची हौस. ते म्हणाले, "गहिनीनाथ, काहीतरी देखणं कर."

मी पुण्याच्या भंगार बाजारात जाऊन आलो. तिथे पत्र्याची कव्हरे मिळत होती, ती ठोकून सरळ झाली असती आणि काम भागले असते. पण मला अॅल्युमिनियमची हवी होती. ती ओतणार कोण, तर माझा लहानपणापासूनचा मित्र कानिफनाथ ओतारी. त्याने जुने पिस्टन वितळवून, लाकडी नमुन्यावरून मातीच्या साच्यात दोन कव्हरे ओतली. वरून उभ्या फासळ्या, कड सगळीकडे सारख्या जाडीची. हातात घेतली तेव्हाच समजले की असे काम नगरमध्ये दुसरा कोणी करणार नाही.

देताना तो म्हणाला, "गहिनी, वरच्या फासळ्याच तेवढ्या चकाकव. मधल्या खाचा काळ्या रंगव. कोपऱ्याला लई घासू नको, तिथं बोल्टाचा जोर येतो."

मी हसून म्हणालो, "तू ओत, फिनिशिंग मला शिकवू नको."

दसऱ्याला मोटारीची पूजा होती. मला आरसा करायचा होता. कानशीने, मग बारीक पॉलिश पेपरने, मग बफच्या फिरत्या कापडी चाकावर मी आठवडाभर ती कव्हरे घासली. उजवे सुरेख झाले. डाव्याच्या मागच्या कोपऱ्यावर साच्याचा एक डाग जाईना, म्हणून मी तिथेच घासत राहिलो. बोल्ट आवळताना तिथे केसाएवढी भेग दिसली. पूजेला दोन दिवस होते. कानिफनाथला सांगितले असते तर त्याने भट्टी पेटवून दुसरे ओतून दिले असते. पण मग त्याचे ऐकले नाही हे कबूल करावे लागले असते. मी भेगेत लांबी, म्हणजे रंगाऱ्याचे लुकण, भरली, वरून चांदीचा रंग मारला, पुन्हा बफ केले. पूजेच्या दिवशी लोक वाकून वाकून त्यात आपली तोंडे बघत होते. डॉक्टरांनी माझ्या गळ्यात हार घातला. कानिफनाथ मागे उभा होता, त्याला कोणी पुढे बोलावले नाही. मीही नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टर नेवाशाला पेशंट बघायला निघाले. इमामपूरच्या घाटात इंजिन तापले, लांबी सुटली, ऑइल खालच्या तापलेल्या एक्झॉस्ट पाइपवर पडले आणि त्याने पेट घेतला. ड्रायव्हर राधाकृष्ण याने बॉनेट उघडले. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटे एकमेकांना चिकटून बरी झाली. त्यानंतर त्याने स्टिअरिंग धरले नाही. डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या दारात नंबर लावायला बसवले आहे.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना दवाखान्याच्या ओसरीवर बोलावले. काय झाले, विचारले. मी म्हणालो, "ओतकामात छिद्रं राहिली होती."

कानिफनाथ म्हणाला, "गहिनी, तू सोता घासलंस. छिद्र हुतं तर तुला दिसलं नसतं व्हय?"

मी म्हणालो, "आतून होतं."

"मला ते कव्हर दाखव."

"फेकून दिलं."

एवढेच बोलणे झाले. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी कधी खोटे बोललेलो त्यांना माहीत नव्हते. महिन्याभरात कानिफनाथकडे काम येईनासे झाले. राधाकृष्णने त्याच्या दारात जाऊन शिव्या दिल्या. वर्षाच्या आत कानिफनाथ बायकोला आणि मुलगी विजयमाला हिला घेऊन सासुरवाडीला, मिरजगावला गेला.

कव्हर मी फेकलेले नाही. ते गॅरेजच्या माळ्यावर पोत्यात आहे. भेगेतली उरलेली लांबी आजही नखाने निघते. चांगले कव्हर मी भिंतीवर टांगले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने वाखाणले की मान हलवत राहिलो.

या वर्षी उन्हाळ्यात एसटीने कर्जतला जात होतो. मिरजगावच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. रस्त्याला दुष्काळी काम चालू होते आणि खडी फोडणाऱ्यांत कानिफनाथ होता. त्यानेच मला ओळखले. सावलीत बसवून मडक्यातले पाणी दिले. विचारले, "राधाकिसनचा हात कसा हाय?"

मी म्हणालो, "आहे तसाच."

तो म्हणाला, "मी लई डोकं चालवलं रे. माती वल्ली राहिली आसंल का? काय चुकलं ते मला अजून घावत न्हाई."

चार वर्षे तो स्वतःची चूक शोधत होता. तेव्हा तरी मी बोलायला हवे होते. चाक बसले, कंडक्टरने घंटी मारली आणि मी गाडीत चढलो. या कागदातल्या सगळ्या गोष्टींत मला या एका गोष्टीची सर्वांत जास्त लाज वाटते.

म्हणून: माझे गॅरेज, सगळी हत्यारे, बफिंगची मोटर आणि दोन्ही कव्हरे माझ्या पश्चात कानिफनाथ ओतारी याची.

कलम ५. हे कलम नंतर जोडले आहे. वरचा मजकूर मी मनकर्णेला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही मरणार, आणि तोंड मी दाखवायचं लोकांना?"

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना आणि राधाकृष्णला सगळे सांगितले. डॉक्टर उठून आत गेले, बाहेर आले नाहीत. राधाकृष्ण म्हणाला, "मला मिरजगावला न्या. मी त्याला आईवरून शिव्या दिल्यात." माळ्यावरचे पोते घेऊन आम्ही दोघे गेलो. कानिफनाथच्या अंगणात मी कलम चार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. विजयमाला दारात उभी राहून ऐकत होती.

कानिफनाथने पोत्यातले कव्हर मांडीवर घेतले, कोपरा नखाने खरवडला, आणि म्हणाला, "म्हंजी माती बरी हुती."

मी गॅरेजचे बोललो. तो म्हणाला, "तुझं गॅरेज घिऊन काय करू? लोक म्हनतील, गहिनीनं दया केली. आधी लोकांना सांग. तू मेल्यावर न्हाई. भिंगारच्या बाजारात, माझ्याम्होरं."

मी हो म्हणालो. त्याने मला माफ केले असे मी लिहीत नाही, कारण तसे तो म्हणाला नाही. निघताना पाणी मात्र विजयमालेने राधाकृष्णला एकट्याला दिले.

येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी हा कागद भिंगारच्या बाजारात, ओताऱ्यांच्या आळीच्या तोंडाशी, कानिफनाथसमोर उभा राहून वाचणार आहे. त्यानंतरही कानिफनाथ गॅरेज नको म्हणाला तर ते विजयमालेला द्यावे. तीही नको म्हणाली तर कुलूप लावून ठेवावे. माझ्या कोणाही नातेवाइकाने ते उघडू नये.

वर लिहिलेले सगळे मी समजून लिहिले आहे. यापूर्वी असा दुसरा कागद केलेला नाही. खाली सही करताना साक्षीदार समोर आहेत आणि त्यांनी सर्व मजकूर ऐकला आहे.

मुक्काम भिंगार, दिनांक १८ नोव्हेंबर १९७३

सही: गहिनीनाथ भिकाजी पानसंबळ

साक्षीदार:
१. नृसिंह वामन पाठक, निवृत्त शिक्षक, भिंगार
२. राधाकृष्ण तुकाराम भोस, नोकरी दवाखाना, भिंगार