पाणी आलं, पाणी आणलं

१३ एप्रिल १९९१
पंख्याचा नुसता आवाज, वारं नाही. दवाखान्याच्या रेकॉर्डला केसशीटांचा गठ्ठा तसाच. प्रत्येक आजाराला पुस्तकातला नंबर द्यायचा आणि महिन्याचे आकडे वर पाठवायचे. ऑपरेशनची जखम उसवली तर एक नंबर, पिकली तर दुसरा. पेनगंगेकाठच्या सुमनची उसवलेली. पिशवीचं ऑपरेशन. कारणात सिस्टरनं लिहिलंय: घरी जाताच पाणी आणलं. वैताग येतो या बायांचा. टाके ओले असताना कळशी उचलतात. नंबर टाकायच्या आत वीज गेली.

१५ एप्रिल
सहीसाठी ड्रेसिंगच्या खोलीत गेले तर सुमनच टेबलावर. हिरवट पू, वास. विचारलं, इतकी काय घाई होती पाणी आणायची? तर म्हणाली, "आनलं नाई बाई. आलं. टाक्यातून पानी आलं."
आलं. आणलं. सीमेवरच्या या दवाखान्यातली सिस्टर तेलुगू, तिला कळणार कुठून. मी तरी तेलुगूत कमी घोळ घालते का.

१७ एप्रिल
डॉ.ना सांगितलं. डबा उघडा ठेवून ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. त्यांनाही संशय होताच, हल्ली बरेच टाके पिकताहेत. पण कागदावर पू नसेल तर मोठे साहेब ऑ. थिएटर धुवायला बंद करत नाहीत. केसशीटवर सुमनच्या नवऱ्याचा अंगठा आहे. खाडाखोड केली तर त्याला वाचून दाखवून परत अंगठा घ्यायचा, हा इथला कायदा. घ्या म्हणाले. म्हणजे घ्यायचा मीच.

१९ एप्रिल
सुमन एक दिवसाआड येते ड्रेसिंगला. नवरा चहाला गेला तेव्हा म्हटलं, आता कागद दुरुस्त करू, तुझ्यावरचा आळ जाईल. मला वाटलं, हसेल. तर हळूच म्हणाली, "राहू द्या नं बाई. पान्यानं फुटलं म्हनून तो सोता पानी भरून राह्यला. सासूबी काई म्हनत नाई. खरं लिवलं तं उद्यापासून घागर माह्याच डोक्यावर."
तो चहा घेऊन आला. तिलाही आणला होता. मी कागद न काढताच उठले.

२० एप्रिल
जेवताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, नंबरच तर टाकायचाय. इतका राग आला की भात तसाच ठेवला. पुढच्या आठवड्यात त्याच टेबलावर ज्या बाया जाणार त्यांचं काय? आणि हिचं? खरंच थकले मी.

२३ एप्रिल
ऑपरेशनची यादी लागली. पिशवीवाल्या आहेतच. साहेबांकडून निरोप, आकडे आजच पाहिजेत.
सुमनचा नवरा खिडकीशी आला, खांदा चोळत. "बाई, हिले पानी आनाले कवापासून चालते?" कुरकूर नव्हती, खरंच विचारत होता. मागे सुमन, माझ्याकडे बघत. केसशीट समोरच, शाईचं पॅडही. म्हटलं, बसा, डॉक्टरांना विचारून सांगते.
बाकावर बसलेत दोघं. डॉ. ओपीडीत मोकळेच आहेत, इथून दिसतात. मी अजून उठलेली नाही.