तिसऱ्या मजल्याचं पान

प्रिय पट्टी,

मुख्य गोष्ट आधी, वर, मोठ्या अक्षरात. बाकीचं सगळं खाली. हा तुझा नियम, आणि तो तू माझ्या डोक्यात इतक्या वेळा हाणलास की आता धोब्याला चिठ्ठी लिहितानासुद्धा मी तसंच करते. तर लिहिते: तुमची इमारत या महिनाअखेर रिकामी करायची आहे आणि तुझी आई तिसऱ्या मजल्यावरून हलायला तयार नाही. झालं, लिहून टाकलं. आता पाय लांब करून बसते आणि बाकीचं सांगते. तुमचा तो जिना चढून-उतरून आलेय, गुडघे माझे राहिलेले नाहीत.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘बघते गं’ म्हणतेस आणि तुझ्या त्या ‘बघते’चं पुढे काय होतं ते मी चांगलं ओळखून आहे. शिवाय सोबत एक पान पाठवायचंय. फोटो काढून पाठवता आला असता, पण ते पानच तुझ्या हातात पडायला हवं. का, ते येईलच ओघात.

ऑफिसात तुझं टेबल अजून माझ्याकडेच आहे. खिडकीकडचा कोपरा, जिथे तू लाकडी पट्टी आपटून आपटून खड्डा पाडला होतास, तिथे आता कॉम्प्युटर बसवलाय आणि तो त्या खड्ड्यामुळे डुगडुगतो. बाकी काही बदललं नाही. जुन्या इमारती तपासायच्या, अहवाल लिहायचे, पालिकेच्या कमिटीला पाठवायचे आणि त्यांनी ते कपाटात घालायचे. आपले थोरले साहेब अजून तेच. माणूस सोन्यासारखा, भिंतीवर नुसता हात फिरवून आतलं दुखणं सांगेल. पण लिहायला बसला की देवच वाचवो. तुमच्या इमारतीचा अहवाल त्यांनी याआधी दोनदा पाठवला होता. उशीएवढा जाड. जिन्यालगतच्या खांबातलं लोखंड गंजून निम्मं उरलंय, हे वाक्य त्यात होतं, नव्हतं असं नाही. पार मागे, परिशिष्टात, उडालेला रंग आणि फुटकी काच यांच्या मधे, त्याच अक्षरात, त्याच ओळीत. दुसऱ्या वेळी मी जरा बोलले तर त्यांनी सगळंच ठळक करून टाकलं. रंग ठळक, काच ठळक, खांब ठळक, वर खाली रेघा. घरातले सगळेच ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं झालं ते.

मला तेव्हा आपला पहिला आठवडा आठवला. मी एक तक्ता आखून आणला होता, चहूबाजूंनी जाड रेघा, आत जाड रेघा, मोठ्या अभिमानानं. तू तो लांब धरलास आणि कांदा चिरताना करतात तसे डोळे बारीक केलेस. मला वाटलं, हिच्या डोळ्यात काही गेलं. मग म्हणालीस, तूही डोळे किलकिले कर, अक्षरं पुसट झाली की जे उरतं तेवढंच घाईतला माणूस वाचतो. मी केले. माझ्या तक्त्यात उरला होता ऑफिसचा शिक्का! किती हसलो होतो गं. त्या दिवसापासून मी तुझ्याच हाताखाली रेघा पुसत बसले आणि अख्ख्या ऑफिसनं माझं नाव खोडरबर ठेवलं. तुला पट्टी, मला खोडरबर. तू गेलीस तिकडे पुस्तकांची पानं लावायला, आणि मी इथेच झिजत राहिले.

तर तिसऱ्या खेपेला मी साहेबांना म्हटलं, पहिलं पान माझं. नाही-हो करत तयार झाले. मी इमारत अशी काढली की समोरची भिंत उचलून बाजूला ठेवलीय आणि सगळ्या खोल्या उघड्या दिसताहेत. त्यात एकच खांब लाल, तळापासून गच्चीपर्यंत. पानभर दुसरा रंग नाही. खांबाचं दुखणं खांबाच्या शेजारीच लिहिलं, मागे शोधायला लावलं नाही. वर एकच वाक्य, काय करायचं ते. बाकी पान मोकळं सोडलं. ती मोकळी जागा साहेबांना बघवेना. लोक म्हणतील कामच केलं नाही, असं त्यांचं म्हणणं. शिक्क्यासाठीही भांडले. शेवटी शिक्का मी नखाएवढा करून खाली ठेवला आणि रंग-काच मागे पाठवून दिली.

कमिटीचे अध्यक्ष एरवी पानं उलटतात ती स्वतःचं नाव कुठे आलंय ते बघायला. या वेळी म्हणे पहिल्याच पानावर थांबले आणि विचारलं, या लाल खांबाला लागून कोण राहतं? साहेब मला सांगत होते, इतक्या वर्षांत खांबाशेजारच्या माणसाबद्दल कुणी पहिल्यांदा विचारलं. निर्णय त्याच बैठकीत झाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण घरी चालत येताना असं वाटत होतं, जणू ती इमारत मीच पाठीवर घेऊन खाली उतरवतेय. कारण त्या लाल खांबाला लागून कोण राहतं ते मला कुणी सांगायला नको होतं. तुमची खिडकी त्या चित्रात मी माझ्याच हातानं काढली होती.

मग नोटिसा गेल्या. पुन्हा त्याच बारीक अक्षरातल्या, कारण नोटिशीचा नमुना दुसऱ्या खात्याचा. काकूंनी, तुझी आईच ती, त्यांच्या नोटिशीची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. पालिकेची माणसं आली, त्यांना चहा पाजला, जिन्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. साहेब स्वतः गेले. त्यांना दोनदा चहा. अगं, हट्टीपणात तुम्हा मायलेकींचा हात धरणारं कुणी नाही. काका गेल्यावर तू तिला न्यायला आलीस, बॅग भरलीस, खाली टॅक्सी उभी, आणि ही बाई खुर्चीतून उठेना. तू म्हणालीस, आता बोलावशील तेव्हाच येईन. ती म्हणाली, जिला यायचंय तिला बोलवावं लागत नाही. तेव्हापासून मी मधे. तू मला तिच्या डोळ्यांचं विचारतेस, ती मला तुझ्या खोकल्याचं विचारते, आणि कुणी विचारलं ते सांगायचं नाही अशी दोघींची तंबी. तुमच्या निरोपांची ने-आण करून मी थकले गं. खरंच थकले. तुम्हा दोघींचा रागही येतो मला, तो इथे स्पष्ट लिहून ठेवते.

बाकीच्या बिऱ्हाडांसाठी मी एकेक पान केलं. प्रत्येकाला त्याची स्वतःची खोली, तिच्याजवळचा खांब, निघायची तारीख आणि सगळ्यात खाली एक चौकट: कुठे जायचं. कुणाच्या चौकटीत भावाचा पत्ता, कुणाच्या मुलाचा, उरलेल्यांच्या चौकटीत पालिकेनं दिलेल्या खोल्या. काकूंचं पान मात्र माझ्याच्यानं होईना. त्यांचा मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. किती अक्षर मोठं करू, किती करू, असं करत बसले होते आणि एकदम लक्षात आलं, अगं, तू मला जे डोळे किलकिले करून बघायला शिकवलंस, तसंच काकूंना दिवसभर दिसतं! मग मी माझा चष्मा काढून ठेवला आणि त्या धुरकट नजरेनंच पान लावलं. कुंड्या ठेवलेली तुमची खिडकी, लाल खांब, तारीख आणि ती चौकट. जे चष्म्याशिवाय दिसलं नाही ते सगळं काढून टाकलं. काकूंच्या चौकटीत मी पेन्सिलीनं माझा पत्ता लिहिला. एक खोली मी त्यांच्यासाठी रिकामीही करून ठेवलीय.

आज ते पान घेऊन वर गेले. काकूंनी ते खिडकीशी नेलं. आधी त्यांना कुंड्या सापडल्या, आणि फुटकी कुंडी मी धड काढली म्हणून माझी खरडपट्टी निघाली. मग बोट लाल रेघेवर आलं आणि तिथेच थांबलं. उठल्या, कपाटाच्या बाजूच्या भिंतीशी गेल्या. तुला आठवतं ना, शाळेत असताना नवी पट्टी मिळाली म्हणून तू त्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारली होतीस आणि धपाटा खाल्ला होतास? काकूंनी ती रेघ कधी पुसू दिली नाही, रंगाऱ्यालासुद्धा तेवढा पट्टा सोडायला लावला. त्या रेघेला आता मधेच तडा गेलाय आणि खांबाकडची अर्धी रेघ बोटभर खाली उतरलीय. काकूंच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. त्यांना वाटत होतं, डोळ्यांमुळे तसं दिसतंय. म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. पान एका हातात धरून दुसऱ्या हातानं त्यांनी ती रेघ चाचपली, आधी वरची, मग खालची, आणि मला काही समजावून सांगायला लागलं नाही.

परत येऊन बसल्या आणि विचारलं, मग मी कुठे? बोट चौकटीवर. मी माझा पत्ता वाचून दाखवला. तर म्हणाल्या, तुझं नाव खोडरबर आहे ना, मग पूस ते. मी म्हटलं, काकू, परकी आहे का मी? तर माझ्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा सांगितलं, पूस. पुसलं. पेन्सिलीचा मागमूस राहू नये म्हणून बोटानं चाचपूनही बघितलं त्यांनी. मग पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ज्या पोरीनं भिंतीवर रेघ मारली, तिनंच इथे काय ते लिहावं. आणि पेनानं लिहावं म्हणावं.

पट्टी, वर जी मुख्य गोष्ट म्हणून लिहिली ती मुख्य नव्हती. ही होती, आणि ती खाली राहिली, एवढी वर्षं शिकून काय उपयोग झाला बघ माझा. तुझी आई हलायला तयार आहे. तिनं तुला बोलावलंय. याहून स्पष्ट ती बोलावणार नाही आणि याहून जास्त तू वाट बघू नकोस. हे पत्र एवढ्यासाठीच. पाकिटातलं पान काढ, लांब धर आणि डोळे किलकिले कर. मला माहीत आहे तुला काय दिसेल. आधी लाल दिसेल, मग ते पुसट होईल आणि उरेल ती खालची चौकट. ती तुझ्या पत्त्यासाठी मोकळी आहे. लिही, आणि पान पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये. टॅक्सी खाली थांबव. या वेळी ती उठेल.

जिना चढताना खांबाकडच्या बाजूनं येऊ नकोस.

तुझीच,
खोडरबर