रस्ता पुरा झाल्यावर

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१८ मार्च १९७९

प्रिय कडूबा,

तुझं पत्र काल मिळालं. समुद्राकाठचा रस्ता पुरा झाला, रत्नागिरीहून पहिली एसटी मच्छीमारांच्या वस्तीपर्यंत गेली, बायांनी ड्रायव्हरला ओवाळलं, हे वाचून ऊर भरून आला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली निळं पाणी, आणि तिथली खडी माझ्या भावानं पसरलेली! आजवर दुखणाईत माणसाला होडीत घालून न्यायचे, आता तासाभरात दवाखाना गाठतात म्हणतोस. लई चांगलं काम केलंस, बाबा. आईच्या निरोपातल्या प्रश्नाचं उत्तरही वाचलं, समुद्राचं पाणी खारट, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागले. दिवसभर बाटल्यांना बुचं लावते. रोज नवं शेड उभं राहतंय, माणसं कमी पडतात. तरी शेजारची बाई आधी गाव विचारते, मग आडनाव, आणि दुसऱ्या दिवशी डबा उचलून लांब जाऊन बसते. मी बुचं लावत राहते. आता कशाचंच काही वाटत नाही.

ऑगस्टातलं तुला मी अर्धंच कळवलं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि आठवड्यात गाव फिरलं. भर दुपारी आपली वस्ती पेटवली. ज्यांच्या शेतात आपण जन्मभर राबलो, ते मल्हारराव समोर उभे होते. आई म्हणाली, "मालक, तुमची लेकरं म्या खेळवली. माझ्या पोरीला तरी जाऊ द्या." त्यांनी तोंड फिरवलं. आईच्या पदरानं पेट घेतला. मी हातानंच विझवला, तोवर तिची पाठ पार भाजली होती.

मक्यातून पळत आम्ही पैठणच्या सडकेला लागलो. बैलगाडी गेली, ट्रक गेला. मग तुझ्या वर्गात असलेल्या अप्पारावचा ट्रॅक्टर आला. मी त्याला आडवी उभी राहिले. तो खाली बघत म्हणाला, "मुक्ता, तुम्हाला बसवलं तर उद्या माझं घर ऱ्हायचं नाय." आणि गेला. आई चालत राहिली. पाणी मागायची, दोन घोट घ्यायची, पुन्हा चालायची.

आता तू लिहितोस, जयंतीला येतो, आईला आणि तुला घेऊन जातो, त्या एसटीत खिडकीशी बसवतो. म्हणून आज लिहावंच लागतंय. आई शहरापर्यंत पोचली नाही, कडूबा. शहर पाच कोसांवर असताना लिंबाखाली बसली ती उठलीच नाही. सडकेच्या कामावरच्या आवडाबाईनं सरपण गोळा केलं. आम्ही दोघींनीच ओढ्याकाठी अग्नी दिला.

तेव्हा कळवलं असतं तर तू तडक गावात गेला असतास आणि मला तूही उरला नसतास. म्हणून सात महिने पत्राखाली आईचा निरोप मीच लिहीत गेले. समुद्राचं पाणी जनावरं पितात का, हे तिनं विचारलं नव्हतं. ते मी विचारलं होतं.

तुझीच,
अक्का