सदर इसमाची शिक्षा

पुरानी बस्ती, रायपूर
सोमवार, ९ ऑगस्ट २००४

तीर्थरूप गोदावरी आत्यास,

वरदचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीपासून वाकते. मान परवाच्या शनिवारपासून वाकायला लागली, ती हकीकत पुढे येईल.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिने कमी चढता ना? वर्ध्याला पाऊस बरा आहे असं आई म्हणते, तर तुमच्या अंगणातल्या कढीपत्त्याला आमची आठवण सांगा. इकडे आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, म्हणजे मी कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी ‘मीठ दे’ यापलीकडे बोलले नाहीत, पण मीठ रोज मागतात, त्यावरून तब्येत ठणठणीत दिसते.

आठ महिने पत्र नाही याला कारण तुम्हीच. मागचं पत्र तुम्ही लाल शाईनं तपासून परत पाठवलंत. ‘मी मजेत राहून राहिलो’ याच्याखाली दोन रेघा, समासात ‘मजेत आहे!’ आणि शेवटी दहापैकी साडेतीन. आत्या, तुम्ही मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालात, आत्या म्हणून अजून कामावर आहात, हे मला मान्य आहे. पण त्या साडेतीन गुणांपायी इकडे एका पोरीची शाळा सुटायची वेळ आली होती. हे मी रागानं लिहून नाही राहिलो. (लिहीत नाही. कळलं.)

कॉलेज काहून सोडलं हे बाबांनी तुम्हाला त्यांच्या पद्धतीनं कळवलं असेलच. खरी गोष्ट एवढीच की दुसऱ्या वर्षाला सरांशी वाद झाला, ‘असलं शिक्षण मला नको’ म्हणून मी दार आपटून बाहेर पडलो, आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की दप्तर आतच राहिलं. दप्तरासाठी परत जाणं मानी माणसाला शोभत नाही. म्हणून शिक्षण संपलं.

आता मुख्य गोष्ट. रायपूर राजधानी झाल्यापासून इथे दर खांबाला एक योजना टांगलेली असते, पण आमच्या वॉर्डात एक योजना खरोखर चालते, कारण ती कलावतीबाई चालवतात. या आमच्या पार्षद, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेविका. जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की कारभार नवराच बघणार. पहिल्या बैठकीला तो खुर्चीत बसलाही. बाईंनी त्याला सर्वांदेखत सांगितलं, ‘सुनो जी, चाय ले आओ, दस कप.’ तो गेला, परत आला तेव्हा खुर्ची भरलेली होती. या बाईंनी मुलींच्या शाळेच्या फाटकाला एक पिवळी पेटी लावली. कोणी त्रास देत असेल तर चिठ्ठी टाकायची, नाव घालायचं किंवा नाही घालायचं. किल्ली बाईंकडे. चिठ्ठ्या वाचायला वॉर्ड ऑफिसात बसते चित्रा.

(इथे मी पाच मिनिटं थांबलो होतो.)

चित्रा आमच्याच समाजातली, तीन गल्ल्या पलीकडची. एम.ए. करते आणि सकाळी दहा ते एक या कामाला येते. तिच्या ऑफिससमोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे मी रोज पावणेदहाला सायकलची चेन साफ करायला जात असे. आठ महिने. दुकानदार म्हणायचा, ‘भैया, अब चेन घिस के तार हो जाएगी.’ मी कधी शीळ घातली नाही, गाणं म्हटलं नाही, फक्त उभा राहायचो आणि बघायचो. पहिले काही दिवस ती सरळ रस्त्यानं यायची. मग देवळाला वळसा घालून मागच्या गल्लीनं यायला लागली. रोज, उन्हातान्हात. मला वाटलं, किती देवभक्त पोट्टी आहे. आईला मी तसं सांगितलंही, आणि आईनं लगेच पत्रिकेचा विषय काढला.

पुढे मी त्या ऑफिसात फुकट कामाला लागलो, चिठ्ठ्या लावणं, पाणी भरणं असं. एकदा कोणाला तरी ‘मले मालूम हाय’ म्हणालो, तर चित्रा हसली आणि म्हणाली की तुमचं मराठी म्हणजे हिंदीच्या अंगावर मराठीचा सदरा. आत्या, एकीकडे तुमचे साडेतीन गुण, दुसरीकडे हा सदरा. मी ठरवलं, आता असं मराठी लिहीन की दोघी गप्प व्हाल.

संधी आली ती अशी. शेजारच्या अच्युतकाकांची अनुश्री तुम्ही पाहिली आहे, दोन वेण्यांची, यंदा दहावीला आहे. शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीखाली मारोती नावाचा एक जण तिला रोज अडवत होता. (नाव ब्रह्मचाऱ्याचं, लक्षणं बघा.) उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्याची रात्रपाळी, त्यामुळे दिवस मोकळा. टोमणे मारायचा, सायकलसमोर गाडी आडवी घालायचा, एकदा तर हँडल धरून ठेवलं. अनुश्री रडत आईकडे आली, तिची आई माझ्या आईकडे, आणि मी म्हटलं, चिठ्ठी मी लिहितो. पोरीनं विनवलं, ‘भैया, हिंदी में लिख दो ना.’ मी ऐकलं नाही. भोसल्यांच्या काळापासून आपण या गावात आहोत, एक चिठ्ठी मराठीत लिहू शकत नाही? आणि वाचणार तर चित्रा! मी लिहिलं:

‘सदर इसम शाळेजवळील टाकीखाली माझी वारंवार चेष्टा करतो व वाट अडवतो. माझी तक्रार आहे. त्यास कडक शिक्षा व्हावी, ही विनंती.’

आत्या, यात एक तरी चूक काढून दाखवा.

चूक नव्हती, हीच चूक झाली. त्या आठवड्यात चित्रा परीक्षेसाठी सुट्टीवर आणि मी तापानं अंथरुणावर. पेटी उघडली बाईंनी, चिठ्ठी नोंदवली हिरालालनं. हिरालाल आमचा बाबू, अंगानं गोल, मनानं गाय. अक्षरं त्याच्या ओळखीची, शब्दही बरेचसे ओळखीचे. ओळखीच्या शब्दांनीच घात केला. हिंदीत तकरार म्हणजे भांडण. चेष्टा म्हणजे प्रयत्न. आणि शिक्षा म्हणजे, तुम्ही आयुष्यभर दिलीत ती. त्यानं सुवाच्य अक्षरात रजिस्टरला नोंद केली, मी स्वतः वाचली आहे: ‘युवक का नाम: सदर इसम। दोनों में तकरार। युवक बार-बार चेष्टा कर रहा है, सराहनीय। शिक्षा का इच्छुक।’ आणि वॉर्डातर्फे संध्याकाळी जो प्रौढांचा वर्ग चालतो, त्यात श्री. सदर इसम यांना प्रवेश दिल्याचं शिक्क्याचं पत्र काढलं. शिपाई पत्र घेऊन टाकीखाली गेला आणि विचारलं, इथे रोज कोण असतो? सगळ्यांनी मारोतीकडे बोट दाखवलं.

वर्ग भरतो कुठे? त्याच मुलींच्या शाळेत. पाचला. अनुश्रीची शिकवणी सुटते पाचला.

आतापर्यंत तो फाटकाबाहेर होता, आता शिक्क्याचं पत्र फडकवत आत येऊन बसला. ‘देख, सरकार ने बुलाया है’ असं तिला म्हणाला. मग अच्युतकाकांना सगळं कळलं. त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, पुरे झाली शाळा, सोमवारी अभनपूरला मामाकडे जायचं. मामाच्या घरी काय होणार हे पोरीला माहीत होतं. दोन पोळ्या जास्त लाटायच्या आणि स्थळ यायची वाट बघायची. मी ताप उतरून बाहेर आलो तर ओसरीवर अनुश्री वह्या बांधून बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘भैया, आपकी मराठी ने मेरा स्कूल छुड़वा दिया.’

आत्या, मला लोक तापट म्हणतात ते खोटं नाही. मी तडक ऑफिसात गेलो आणि टेबलावर मूठ आपटली. चहा रजिस्टरवर सांडला. हिरालाल कागद पुसत शांतपणे म्हणाला, ‘का होगे भैया?’ (काय झालं?) मी म्हटलं, आता मी टाकीखाली जातो आणि सदर इसमाचे दात मोजतो. कलावतीबाई आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, ‘तू दाँत गिन, कल अखबार में आएगा, पेटी की वजह से मारपीट हुई, और परसों पेटी उतर जाएगी। फिर ये लड़कियाँ कहाँ लिखेंगी, तेरी साइकिल पर?’ मी बसलो. त्यांनी शनिवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं, अच्युतकाकांकडून सोमवारपर्यंतची मुदत स्वतः जाऊन आणली.

शनिवारी खोलीत बाई, चित्रा, हिरालाल, अनुश्री, काका, मारोती आणि मी. चित्रानं माझी चिठ्ठी शब्द शब्द सोडवून हिंदीत सांगितली. ‘शिक्षा’पाशी आल्यावर हिरालालचा चेहरा पडला. तो उठला, आपल्या मुलीच्या वयाच्या त्या पोरीसमोर त्यानं हात जोडले आणि म्हणाला, ‘बेटी, मोर गलती।’ मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मारोती आरामात पाय पसरून म्हणाला, ‘मैडम, खड़े रहना जुर्म है तो ये भैया भी तो खड़े रहते हैं। साइकिल दुकान, पौने दस बजे। दीदी से पूछ लो।’

मी त्याची कॉलर धरली. बाई म्हणाल्या, ‘बैठ।’ आणि चित्राकडे वळून विचारलं, खरं आहे का?

मी हसत होतो, आत्या. मला खात्री होती ती नाही म्हणणार.

चित्रानं रजिस्टरवरची नजर उचलली नाही. म्हणाली, ‘हव. म्हणून मी देवळामागून येते. रोज बारा मिनिटं जास्त. हा इथे कामाला लागला तेव्हा मला वाटलं, आता कुठून जायचं?’

आठ महिने रोज बारा मिनिटं. मी ज्याला प्रेम समजत होतो त्यासाठी एक मुलगी वळसा घालत होती, आणि मी तिला देवभक्त ठरवून घरी पत्रिका बघायला लावत होतो. माझ्यात आणि टाकीखालच्यात फरक एवढाच की माझ्या सायकलची चेन स्वच्छ होती.

मारोती हसला. अच्युतकाका उठले, अनुश्रीचा हात धरला आणि म्हणाले, चल, सगळे एकाच माळेचे मणी, इथे कोण कोणाला काय सांगणार? पोरीनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला कळलं की मी गप्प बसलो तर हा सुटतो आणि ती अभनपूरला जाते. मी हिरालालला म्हटलं, ‘पहले मेरा नाम लिखो। पूरा। वरद पांडुरंग देशकर। जो दीदी ने कहा, सब लिखो। फिर इसका लिखो।’ हिरालालनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान हलवली, आणि त्यानं लिहिलं. मारोतीचं हसू तिथेच सुकलं. अनुश्रीनं हात सोडवून घेतला आणि म्हणाली, ‘पापा, मैं अभनपुर नहीं जाऊँगी। परीक्षा दूँगी।’ काका परत खाली बसले.

पुढचं थोडक्यात. बाईंनी अनुश्रीलाच विचारलं, थाण्यात, म्हणजे पोलिसांत, लिहायचं का? ती हो म्हणाली. बाई स्वतः तिच्याबरोबर गेल्या, काकाही गेले. प्रवेशाचं पत्र रद्द झालं. टाकीखाली आता महिला समितीच्या पाच बाया सकाळ-संध्याकाळ भाजी निवडत बसतात, विळे घेऊन. आज सोमवार, अनुश्री सायकलनं शाळेत गेली.

राहिलो मी. बाईंनी चित्राला विचारलं, याचं काय करायचं? ती म्हणाली, उभं राहणं बंद, ऑफिसात येणं बंद, आणि शिक्षा. हिरालालनं पेन सावरून अगदी मनापासून विचारलं, ‘मराठी वाली, कि हिंदी वाली?’ चित्रा म्हणाली, ‘दोनों.’

तेव्हा मराठी शिक्षा अशी की मी घरी बसून, ज्या शब्दांनी दोन भाषांत घात होतो त्यांची यादी करायची. ती पेटीवर आणि हिरालालच्या टेबलावर लागेल. आतापर्यंत एकेचाळीस झाले. आणि हिंदी शिक्षा अशी की मी परत कॉलेजात जायचं. दप्तरासाठी नव्हे, पण दप्तर मिळालं तर घेईन. दोन्ही मी पुरी करणार. हे रागाच्या भरात नाही लिहीत, दोन दिवस पाणी पिऊन मग लिहिलं आहे.

कढीपत्त्याला पाणी घाला, गुडघ्याला तेल लावा, आणि माझ्यावरचा राग असला तर तो शिल्लक ठेवा, भेटीत लागेल.

तुमचा भाचा,
वरद

ता.क. भेटीत म्हणजे, गुरुवारी १९ तारखेला. सकाळी अकराला मला बाईंसमोर, पुन्हा कोणाच्या वाटेवर उभा राहणार नाही, अशा हमीपत्रावर सही करायची आहे आणि सोबत घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची सही हवी. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. ते आपल्या साऱ्या रेल्वे ऑफिसात कोणाला भीत नाहीत, फक्त तुम्हाला भितात. तुम्ही बुधवारीच या आणि त्यांना तुम्हीच सांगा. मी मीठ घेऊन शेजारी उभा राहीन.

ता.ता.क. आईनं तुम्हाला चित्राच्या घरी शब्द टाकायला लिहिलं असेल. कृपा करून टाकू नका. मी आईला सांगितलं, पण ती म्हणते, देवभक्त मुलगी सोडू नये.

ता.ता.ता.क. या पत्रात ‘सदर इसम’ हे व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबर आहे ना? गुण काहीही द्या, पण लाल पेन बरोबर आणा, हिरालालला मराठी शिकायचं आहे.

आणि एक. चित्रा आजपासून सरळ रस्त्यानं येते. मला बाजारात जायचं झालं तर मी देवळाला वळसा घालून जातो. बारा नाही, चौदा मिनिटं लागतात. दोन दिवसांत चार फेऱ्या झाल्या, आणि आज पुजारी आईला म्हणाले, तुमचा पोट्टा किती देवभक्त झाला हो!