आत घातलेलं घड्याळ

शुक्रवार, ६ मार्च

सौ. वकीलताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक असतं तर मी तुला पत्र कशाला लिहिलं असतं, हे पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कानावर आलं. आता चालतात ना? जिने चढू देऊ नकोस.

बरं, कामाचं बोलतो. ठकीवर चोरीचा आळ आलाय.

ठकी म्हणजे माझी मुलगी. आई गेली तेव्हा तू तिला पाहिलं होतंस, हिच्या कडेवर होती. (तेव्हाही आपण दोघं पाहुण्यांमार्फतच बोललो होतो, आठवत असेल.) लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल होती म्हणून ठकी. आता सोळाची झालीय, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. चौकीत तिची आई तिला त्याच नावाने हाक मारून बसली, तर हवालदार म्हणाला, "नावातच ठक आहे की!" आणि स्वतःच हसला. मी हसलो नाही. म्हणजे थोडासा हसलो. कागद त्याच्या हातात होते.

झालं असं. शाळा सुटल्यावर ती दोन गल्ल्या पलीकडे एका घरी जाते, तिथल्या धाकटीला गणित शिकवायला. घरचे साहेब पूल बांधणारे इंजिनियर आहेत. मंगळवारी त्यांचा कोट खुर्चीवरून खाली पडला होता. ठकीने तो उचलून खुंटीला लावला. बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तर हिचा हात कोटाच्या खिशात. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. हे मला पटत नाही, ताई. चोर दिसला तर माणूस ओरडतो की नाही? बुधवारी सकाळी साहेब घड्याळ शोधायला लागले. त्यांच्या वडिलांचं सोन्याचं, पट्टा तुटलेला, दुरुस्तीला न्यायचं म्हणून कोटाच्या खिशात ठेवलेलं. खिसा रिकामा. मग बाईंना एकदम हात आठवला. दुपारी शाळेच्या फाटकावरून पोरीला उचलून चौकीत नेलं, चार मैत्रिणींसमोर.

खिशात हात का होता ते मी सांगतो, कोर्टातही सांगेन. माझी लाँड्री आहे, तुला माहीत आहेच, तुझ्या मते मी आयुष्याची इस्त्री करून बसलोय. ही पोरगी कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपून मोठी झाली. आमच्याकडे कपडा हातात आला की आधी खिसे उलटे करायचे. एकदा कुणाच्या तरी शर्टात शाईचं पेन राहिलं आणि अख्खी खेप निळी निघाली, तेव्हापासून हा नियम. तिचा हात आपोआप जातो. एखाद्याच्या घरी टॉवेल उचलला तरी ती खिसा शोधते.

पण हे ऐकतो कोण! हवालदार म्हणतो, तिने कबूल केलंय. "घड्याळ काढलं आणि आत घातलं, असं म्हणाली तुमची मुलगी. आता आम्ही तिला आत घालू." परत हसला. हा माणूस फार हसतो. काल एक इथला वकील न बोलावता दुकानात आला, केस घेतो म्हणाला. त्याला कुणी कळवलं? तो आणि हवालदार एकाच टेबलावर चहा पितात, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. आणि त्या घरी बाईंचा भाऊ येऊन राहिलाय, काम ना धाम. आम्ही हातापाया पडायला गेलो तेव्हा माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी काय ते समजलो.

ठकीवर माझा पूर्ण विश्वास आहे, हे वेगळं सांगायला नको. तिचं दप्तर मी पाहिलं, पण ते पोलिसांच्या आधी आपण पाहिलेलं बरं म्हणून. गादी उलटी केली, कारण तशीही उन्हात घालायचीच होती. पिठाचा डबाही परातीत रिकामा केला. त्यात किडे झाल्यासारखे वाटत होते. नव्हते.

एक विचारायचं होतं, सहज. समज, एखाद्या मुलीने खरंच घेतलं असेल (आपली नव्हे, एखाद्या मुलीने) आणि गुपचूप परत केलं, तर केस मिटते का? तुमच्या कायद्यात काय आहे म्हणून विचारतो.

ती माझ्याशी बोलत नाही. वयच तसं आहे.

येत्या गुरुवारी तिला कोर्टात उभं करणार आहेत. एकदा नावापुढे चोर लागलं की कोण तिला पुढे शिकवणार, कोण कामावर ठेवणार? म्हणून तुझ्याकडे आलोय. दुसरं दार असतं तर ठोठावलं असतं, हेही लिहून टाकतो, म्हणजे तुला उगाच गैरसमज नको. फक्त एक अट. तिला भेटलीस किंवा बोललीस तर खांद्यावर हात ठेवून ते तसलं विचारू नकोस. कसलं ते तुला ठाऊक आहे. आईची अंगठी हरवली होती तेव्हाचं. शेवटी पिठाच्या डब्यात सापडली, तेव्हा सगळे हसले होते. तूही.

दुकानाचा फोन नंबर खाली देतोय. केलास तर बरं, नाही केलास तर मी समजेन.

अजून म्हणायला हरकत नसेल तर,
तुझा भाऊ


रविवार, १५ मार्च

ताई,

नमस्कार. भाऊजींना आणि त्यांच्या गुडघ्यालाही.

फोनवर सगळं बोलून झालंय, तक्रार मागे घेतल्याचा कागदही तूच मिळवून दिलास, मग हे पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मला नीट बोलता येत नाही. मागून ग्राहक ओरडत असतात.

आणि तू पहिल्या फोनला माझी चौकशीसुद्धा केली नाहीस! "ठकीला दे," एवढंच. मी तिला हाक मारली आणि इस्त्रीला लागलो, पण कान तिकडेच. पोरगी पाच दिवस माझ्याशी अक्षर बोलली नव्हती, ती तुझ्याशी बोलतच सुटली. हळू आवाजात, भिंतीकडे तोंड करून. मनात म्हटलं, झालं, फितवली हिने. काय सांगतेय ती? कबूल तर करत नाही ना? आणि तू तिला काय पढवतेयस? ठकीच्या आईने माझ्या हातातून पाण्याची बाटली काढून घेतली, मी एकाच शर्टावर तळं केलं होतं. "अहो, बोलू द्या की तिला," म्हणाली.

मग फोन माझ्याकडे आला आणि तू विचारलंस, "बंड्या, तुमच्या दुकानात आत घालणं म्हणजे काय?"

मला राग आला. म्हटलं, आता वकीलबाईंना धंदा शिकवायचा! घडाघडा सांगायला लागलो: खिशात काही सापडलं की ते बाहेरच्या खिशात परत ठेवायचं नाही, कपडा उचलताना पडतं. कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं, वर आडवी पिन लावायची, म्हणजे माल सुखरूप गिऱ्हाइकाच्या घरी पोचतो. यालाच आम्ही आत घालणं

आणि तिथेच माझी जीभ अडकली.

शर्ट जळाला, ताई. पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा. दुकान उघडल्यापासून माझ्या हातून पहिल्यांदा.

पोरीने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. "घड्याळ काढलं आणि आत घातलं." पोलिसांना वाटलं, स्वतःच्या कपड्यांत घातलं. त्यांना काय माहीत! पण मला माहीत होतं. हा शब्द माझ्या दुकानातला. मीच तिला शिकवला, पिन कशी आडवी धरायची तेही. आणि माझ्याच डोक्यात प्रकाश पडला नाही. हवालदाराने "आत घातलं" म्हटलं तेव्हा मीही तोच अर्थ घेतला जो त्याने घेतला.

तू बजावलंस तसाच गेलो. एकटा नाही, हवालदाराला घेऊन. कोटाला हात लावायचा नाही, कोट बाईंनीच कपाटातून काढायचा, नाहीतर म्हणतील बापानेच आता घड्याळ आणून ठेवलं. संशय कसा घ्यावा ते तुझ्याकडून शिकावं! साहेब कुरकुरत होते, "कोट मी झाडून पाहिलाय हो." बाईंनी आतला खिसा चाचपला. पिन होती. साहेबांना वाटलं होतं, शिंप्यानेच तो खिसा बंद ठेवलाय. त्या कोटाचा तो खिसा म्हणे त्यांनी कधी वापरलाच नव्हता. पिन आडवी, टोक आतल्या बाजूला वळवलेलं, म्हणजे गिऱ्हाइकाला टोचू नये. मला ती लांबूनच ओळखता आली. तिच्याखाली घड्याळ.

मग बाई म्हणाल्या, "पण तिने सांगायचं ना!"

"सांगितलं होतं तिने," मी म्हटलं. "यांना विचारा." हवालदार आपल्या बुटांकडे बघत राहिला. त्या दिवशी हसला नाही.

बाईंच्या भावाने माझ्यासाठी चहा आणला. बिचारा एका डोळ्याने तिरळा आहे, तो कुणाच्याच नजरेला नजर देऊ शकत नाही. त्याच्याबद्दल पहिल्या पत्रात जे लिहिलं ते कृपा करून खोडून टाक.

इथपर्यंतचं तुला बहुतेक माहीत आहे. आता जे मी तुला सांगितलं नाही ते.

त्या पहिल्या बुधवारी मी चौकीत पोचलो तेव्हा ठकी बाकावर बसली होती. मला बघून ताडकन उभी राहिली. चेहरा असा खुलला की काय सांगू, जणू आता सगळं मिटलंच, बाबा आले. "बाबा, मी ते कोटाच्या..." एवढं म्हणालीसुद्धा. आणि मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "ठकी, खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही."

अगदी तेच शब्द. गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, तू मला म्हणाली होतीस तेच. मी शोधून आणले नव्हते ग, आपोआप तोंडातून निघाले. आणि तुझ्यासारखेच प्रेमाने निघाले, हे मला आत्ता कळतंय. मला तिला वाचवायचंच होतं. पण वाचवायला निघालो ते तिने चोरी केलीच आहे असं धरून.

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला नवी नव्हती. दहावीत असताना मी तुझ्याकडे तसंच बघितलं असणार. मग खाली बसली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. हिने खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "साहेब म्हणतात कोट सगळा बघितला. बाबांनाच वाटतंय मी घेतलं. मग सांगून काय करू?" ही ते मला सांगायला आली, तेव्हा मी पिठाचा डबा उपडा करत होतो.

घड्याळ मिळाल्यावर धावत घरी आलो. म्हटलं, "ठकी, सुटलीस! सापडलं!" ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. "मला माहीत होतं कुठे आहे ते," म्हणाली आणि पुढचा टॉवेल घेतला. मी चुकलं म्हणालो. तिने मान हलवली. रुसवा नाही, आदळआपट नाही, कामाला नकार नाही. "हो", "नाही", "कपडे झाले". त्यापेक्षा तिने भांडण केलं असतं तर मी नाचलो असतो.

काल माझा स्वतःचा कोट धुवायला टाकला होता. आज घालायला घेतला तर दुकानाच्या किल्ल्या सापडेनात. बाहेरचे दोन्ही खिसे पाहिले. मग आतल्या खिशात हात घातला. पिन होती, आडवी, टोक वळवलेलं. किल्ल्या सुखरूप. ठकी गिऱ्हाइकाचं करते तसंच नीट, एका धाग्याचाही फरक नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो, ताई. आपल्याच घरात गिऱ्हाईक झालोय मी.

त्या दिवशी फोन ठेवताना तू म्हणालीस, "बंड्या, त्या वेळी गच्चीवर मी..." आणि मी घाईघाईने, "राहू दे, शर्ट जळतोय," म्हणून तोडलं. शर्ट कधीच जळून गेला होता. ते वाक्य तू मला लिहून पाठव. पूर्ण. मला ते ऐकायचं आहे, आणि ऐकून बघायचंय की अशा वाक्याने काही होतं का. होत असेल तर मी तसंच्या तसं ठकीला म्हणेन.

आणि आणखी एक. कायद्यातलं नाही, पण तुझ्याशिवाय कुणाला विचारू? मी तुझ्याशी बोलायला सत्तावीस वर्षं घेतली. तेही अडलो म्हणून. ठकी दोन वर्षांनी शिकायला बाहेरगावी जाईल. इतक्या वर्षांत तू काय केलं असतंस तर मी लवकर बोललो असतो?

मला माहीत नाही ग. तुझ्या डोक्यात कधी आलं असेल तर कळव. लवकर कळव.

तुझाच,
बंड्या